गाडीच्या स्टिरिओतली ट्रॅफिकची सोय: इंदुरात ती किती कामाची?

नवा स्टिरिओ बसवायचा असेल तर आरडीएस (एफएमच्या आवाजाबरोबर येणारी डिजिटल माहिती वाचण्याची सोय) असलेलाच घ्या. पण डब्यावर ‘टीएमसी’ (ट्रॅफिक मेसेज चॅनल, म्हणजे रेडिओवरून येणारे वाहतुकीचे डिजिटल संदेश) किंवा ‘लाइव्ह ट्रॅफिक रिसीव्हर’ छापलंय म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका, निदान इंदुरात तरी नाही. रिसीव्हरमध्ये खोट असते असं नाही. युरोपात हीच यंत्रणा १९९० च्या दशकापासून लोकांना रस्ते दाखवते आहे. तिला चालायला जे मागच्या बाजूला लागतं ते आपल्याकडे उभं राहिलेलं नाही, आणि ते नेमकं काय हे दुकानदार सांगत नाही.

एफएम स्टेशन आवाजाबरोबर आणखी एक गोष्ट पाठवू शकतं. स्टिरिओ आवाजासाठी १९ किलोहर्ट्झचा पायलट टोन असतो. त्याच्या बरोबर तिप्पट, म्हणजे ५७ किलोहर्ट्झवर, एक बारीक डिजिटल धारा बसवता येते. हेच आरडीएस. वेग सेकंदाला ११८७.५ बिट. हे बिट १०४-१०४ च्या ग्रुपांत जातात, म्हणजे सेकंदाला साधारण ११.४ ग्रुप. स्टिरिओच्या पडद्यावर स्टेशनचं नाव उमटतं ते याच धारेतून. वाहतुकीच्या दोन सोयीही यातच येतात. त्या एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत आणि जाहिरातीत मात्र एकाच नावाखाली विकल्या जातात.

पहिली सोय टीए. ही आवाजाची आहे. स्टेशन वाहतुकीच्या बातम्या देणारं असेल तर टीपी नावाचा एक बिट कायम १ ठेवतं, आणि निवेदक रस्त्यांची माहिती द्यायला लागला की टीए हा दुसरा बिट १ करतं. तुम्ही पेनड्राइव्हवरची गाणी ऐकत असलात तरी स्टिरिओ ती थांबवून निवेदकाचा आवाज वर आणतो, निवेदन संपलं की पुन्हा गाणं. टीपी ० आणि टीए १ अशी जोडी दिसली तर अर्थ वेगळा: हे स्टेशन स्वतः माहिती देत नाही, पण साखळीतल्या दुसऱ्या स्टेशनकडे वळवू शकतं. यात कुठलाही नकाशा लागत नाही. स्टुडिओतल्या माणसाने वेळेवर बटण दाबायचं आणि वेळेवर सोडायचं, एवढंच. सोडायला विसरला तर श्रोत्याच्या गाडीत गाण्यांऐवजी तास-तासभर जाहिराती चालू राहतात आणि तो वैतागून टीए कायमचं बंद करून टाकतो. युरोपातही ही तक्रार जुनीच आहे.

दुसरी सोय टीएमसी, आणि खरी डिजिटल तीच. इथे आवाज नाही, फक्त आकडे. एका संदेशात ३७ बिट कामाचे. त्यातले १६ बिट ठिकाणाचा क्रमांक, ११ बिट घटनेचा क्रमांक, ३ बिट रांग किती टप्प्यांपर्यंत पोचली ते (म्हणजे मर्यादा), ३ बिट किती वेळ टिकेल ते, एक बिट दिशा, एक बिट ‘दुसऱ्या रस्त्याने जा’ हा सल्ला. उरलेले दोन संदेशाचा प्रकार ओळखायला. घटनांची यादी ठरलेली आहे: १०१ म्हणजे वाहतूक ठप्प, २०१ म्हणजे अपघात, ४०१ म्हणजे रस्ता बंद, ७०१ म्हणजे रस्त्याचं काम. वेळेचे तीन बिट १ असले तर पंधरा मिनिटं, ३ असले तर एक तास, ५ असले तर तीन तास, ७ असले तर दिवस संपेपर्यंत.

आपल्या रस्त्यावर हे कसं उतरेल ते पाहा. संध्याकाळी ए. बी. रोडवर पलासियाला गाड्या अडल्या आणि रांग उत्तरेकडे वाढत चालली. संदेश असा बनेल: ठिकाण पलासिया, घटना १०१, मर्यादा २, दिशा विजयनगरकडची. ठिकाणांच्या तक्त्यात पलासिया, इंडस्ट्री हाऊस, एलआयजी हे बिंदू याच क्रमाने असतील, तर मर्यादा २ म्हणजे रांग एलआयजीपर्यंत आली आहे. विजयनगरहून निघालेल्या गाडीचं नेव्हिगेशन हे वाचून एलआयजीच्या आधीच वळायला सांगू शकतं. ३७ बिटांत इतकं नेमकं बोलणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही, आणि म्हणूनच ही सोय आपल्याकडे वाया जावी याचं वाईट वाटतं.

‘इतक्या कमी बिटांत शहराचं कसं भागणार’ ही शंका बरोबर आहे, म्हणून हिशोब करू. टीएमसीचे ग्रुप ८ए या प्रकारचे असतात. एकूण ग्रुपांपैकी पाव हिस्सा त्यांना दिला तर सेकंदाला २.८५ ग्रुप मिळतात. गाडी चालू असताना सिग्नल तुटत राहतो, म्हणून प्रत्येक संदेश लागोपाठ तीनदा पाठवायचा. म्हणजे सेकंदाला जेमतेम एक संदेश. एकाच वेळी ६० घटना चालू असतील तर सगळी यादी एका मिनिटात फिरते, ३०० असतील तर पाच मिनिटांहून थोडा जास्त वेळ. इंदुराएवढ्या शहराला ६० चालू संदेश पुष्कळ झाले. आसपासचे महामार्ग धरले तरी नळी पुरते.

अडतं ते ठिकाणाच्या १६ बिटांवर.

संदेशात ‘पलासिया’ असं कुठेही लिहिलेलं नसतं, फक्त एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे कुठला चौक हे लोकेशन टेबल नावाच्या तक्त्यात असतं, आणि तोच तक्ता, त्याच आवृत्तीचा, पाठवणाऱ्याकडे आणि तुमच्या स्टिरिओच्या नकाशात असावा लागतो. तक्त्यात प्रत्येक बिंदूला रस्त्यावरचा मागचा आणि पुढचा बिंदू जोडलेला असतो. मर्यादेचे टप्पे त्यावरच मोजले जातात. आकडा तक्त्यात सापडला नाही तर रिसीव्हर संदेश गुपचूप टाकून देतो, पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. युरोपातून आलेल्या जुन्या नेव्हिगेशन युनिटात जर्मनीचा नाहीतर फ्रान्सचा तक्ता असतो. तो भारतात निरुपयोगी. भारतात युरोपासारखी देशभर चालणारी खुली टीएमसी सेवा नाही, त्यामुळे ‘नकाशा इंडियाचा टाकून देतो’ या दुकानदाराच्या आश्वासनाने नकाशा मिळेल, वाहतूक नाही.

तक्ता बनवणं हे सरसकट सोपं काम आहे असंही समजू नये. इंदुरात भंवरकुआँ, फूटी कोठी, खजराना इथे उड्डाणपूल झाले. टीएमसीचा बिंदू चौकाचा असतो. पुलावर गाड्या पळताहेत आणि खाली ठप्प आहे हा फरक एका बिंदूने सांगता येत नाही. वरच्या रस्त्याला वेगळा क्रमांक द्यावा लागतो आणि तो मागच्या-पुढच्या बिंदूंना वेगळा जोडावा लागतो. हे केलं नाही तर पुलावरून सरळ जाणाऱ्यालाही उगाच वळसा पडेल. भंवरकुआँचं टंट्या मामा चौराहा असं नामकरण झालं, तशी नावं बदलल्याने मात्र काही बिघडत नाही. आकडा तोच राहतो, पडद्यावरचं नाव नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत बदलतं.

आता तपासणी. तुमच्या भागात कुठलं स्टेशन काय पाठवतंय हे दुकानदाराच्या सांगण्यावर सोडायची गरज नाही. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत बसणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप एवढ्यावर ते दिसतं. या कामापुरता सगळ्यात साधा डोंगलही चालतो: त्याच्या क्रिस्टलची चूक ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) असली तरी ९८ मेगाहर्ट्झवर ती ५ किलोहर्ट्झच भरते आणि एफएमला तेवढी खपते. मध्यम लहरीही पाहायच्या असतील तर ‘आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही३’ घ्या, त्यात डायरेक्ट सॅम्पलिंग आहे. व्ही४ त्याहून चांगला आहे पण त्याला कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. जुन्या ड्रायव्हरवर तो नीट चालत नाही आणि लोक डोंगल खराब समजून परत करतात.

विंडोजवर झाडिग नावाचा प्रोग्राम उघडून ‘बल्क-इन, इंटरफेस झिरो’ निवडायचं आणि विनयूएसबी ड्रायव्हर बसवायचा. इंटरफेस वन निवडला गेला तर डोंगल सापडत नाही. पहिली चूक बहुतेकांची हीच होते. लिनक्सवर टीव्हीसाठीचा ड्रायव्हर आपोआप डोंगल पकडून बसतो, त्याला ब्लॅकलिस्ट करावं लागतं. अँटेना डब्यातलीच दोन दांड्यांची चालेल. रेडिओ मिर्चीच्या ९८.३ साठी प्रत्येक दांडी सुमारे ७२ सेंटिमीटर बाहेर काढा, खिडकीजवळ उभी धरा. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ‘ऑटो’वर ठेवू नका. शहरात एफएमचे सिग्नल इतके जोरदार असतात की डोंगल गुदमरतो आणि एकच स्टेशन तीन ठिकाणी दिसायला लागतं. २० डेसिबलच्या आसपास सुरुवात करून खाली-वर करा. आवाज स्वच्छ आणि पार्श्वभूमी खाली असं जिथे दिसेल तिथे थांबा.

एसडीआर-शार्पसारख्या प्रोग्रामात स्टेशनचं नाव आणि पीआय कोड (स्टेशनचा ओळख क्रमांक) दिसतो, पण ग्रुपांची चिरफाड पाहायला रेडसी हा मोफत डिकोडर हवा. त्याला एफएम डिमॉड्युलेट केलेला पूर्ण पट्टा १७१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगने द्यायचा. १७१ म्हणजे ५७ च्या तिप्पट, म्हणून हाच आकडा. इथे एक गोष्ट विसरली की काहीच दिसत नाही: डी-एम्फसिस बंद हवा. तो कानासाठी वरच्या पट्टीचे आवाज दाबतो, आणि ५७ किलोहर्ट्झ तर कानाच्या कितीतरी वर. डी-एम्फसिस चालू ठेवून ‘या स्टेशनला आरडीएसच नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात.

दोन-तीन मिनिटं चालू द्या. आधी पीआय कोड बघा. भारतातल्या स्टेशनचा कोड ५ ने सुरू व्हायला हवा. दुसऱ्याच आकड्याने सुरू होत असेल तर स्टेशनचा आरडीएस एन्कोडर (ही धारा बनवणारं यंत्र) कारखान्यातल्या सेटिंगवरच राहिला असण्याची शक्यता मोठी. मग टीपीचा बिट. तो आणि टीए दोन्ही कायम ० असतील तर त्या स्टेशनवर तुमचं टीए बटण कधीच काम करणार नाही. शेवटी ३ए ग्रुप शोधा. टीएमसी पाठवणारं स्टेशन ३ए मधून त्याची जाहिरात करतं आणि तिथे तक्त्याचा क्रमांकही असतो. ३ए मध्ये टीएमसीचा उल्लेख नाही आणि ८ए येतच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. फक्त ब्लॉकमधल्या चुकांचं प्रमाण पाहून घ्या. सिग्नलच फाटका असेल तर अँटेना हलवून पुन्हा बघा.

स्टिरिओच्या सेटिंगबद्दल. टीपी नसलेल्या शहरात टीए चालू ठेवलं की काही युनिटं सारखी ‘नो टीपी’ दाखवतात, काही तर चालू स्टेशन सोडून टीपीवालं स्टेशन शोधत पट्टाभर भटकतात. ‘स्टेशन आपोआप बदलतं’ ही तक्रार घेऊन स्टिरिओ उघडायला देण्याआधी टीए बंद करून बघा. एएफ म्हणजे तेच स्टेशन दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर शोधणं. शहरातल्या शहरात त्याचा उपयोग नाही. दोन स्टेशनांचे पीआय कोड चुकून सारखे ठेवले गेले असतील तर एएफमुळे एकातून दुसऱ्यात उडी बसते. शहरात एएफ बंद, लांबच्या प्रवासाला चालू.

बाहेरून आलेली सेकंडहँड युनिटं घेताना पट्टा तपासा. जपानी युनिट ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन बऱ्याचदा ९०-९५ ला संपतं, म्हणजे इंदूरची बरीचशी स्टेशनं त्याच्या बाहेरच. त्यातली व्हिक्स ही वाहतूक सेवा १९९६ पासून जपानात उत्तम चालते, पण ती ५७ वर नाही तर ७६ किलोहर्ट्झच्या सबकॅरियरवर, सेकंदाला १६ हजार बिटांनी. भारतात ती कोणी पाठवत नाही. अमेरिकन सेटिंगचं युनिट ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतं आणि फक्त विषम दशांशावर थांबतं. ९८.३ लागेल, ९३.५ लागेल, पण विविध भारतीचं १०१.६ लागणार नाही. मेनूत ‘रीजन’ बदलता येत असेल तर युरोप किंवा एशिया करा. आवाजही सुधारतो, कारण अमेरिकेत डी-एम्फसिस ७५ मायक्रोसेकंदांचा आणि आपल्याकडे ५० चा.

मग मोबाईल आहेच की, हा प्रश्न येणारच. रोजच्या गर्दीसाठी मोबाईलचा नकाशा चांगला आहे, त्याच्याशी आरडीएसची तुलना करण्यात अर्थ नाही. पण त्याचा अंदाज रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावर चालतो. रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) राजवाड्याभोवतीचे रस्ते सकाळी बंद होणार हे पोलिसांना आधीपासून माहीत असतं, अनंत चतुर्दशीच्या झाक्यांचा (देखाव्यांच्या मिरवणुकीचा) मार्गही ठरलेला असतो. ही माहिती गर्दी जमायच्या आधी प्रत्येक गाडीत पोचायला हवी. प्रसारणात एक गाडी ऐको की एक लाख, खर्च तोच, नेटवर्कवर ताण शून्य, आणि ऐकणारा कुठे आहे हे कोणाला कळत नाही. अशा ठरलेल्या बंदीसाठी टीएमसीहून स्वस्त साधन नाही.

एफएमची मर्यादाही सांगायला हवी. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे. खंडवा रोडने भेरूघाट उतरायला लागलं किंवा मुंबईकडे जाताना मानपूर सोडून गणेश घाट आला की पठाराची कडा मध्ये येते आणि एफएम फाटतं. आवाज खरखरत का होईना ऐकू येतो, आरडीएस त्याच्या आधी जातं, कारण एकूण ७५ किलोहर्ट्झच्या डेव्हिएशनपैकी (फ्रिक्वेन्सीच्या हेलकाव्यापैकी) त्याच्या वाट्याला साधारण २ किलोहर्ट्झच असतं. म्हणजे माहितीची सगळ्यात जास्त गरज जिथे, तिथेच ती गायब. घाटात जे काही सांगायचं ते गाडी पठारावर असतानाच पोचलेलं असायला हवं, आणि म्हणून घाटाचे संदेश यादीत सगळ्यात जास्त वेळा फिरवायला हवेत.

मध्यम लहरी जमिनीला धरून जातात, त्यांना कड्याचा एवढा त्रास नाही. आकाशवाणीने देशात अनेक ठिकाणी मध्यम लहरींवर डीआरएम ही डिजिटल पद्धत बसवली, आणि मारुती सुझुकी, ह्युंदाई यांच्या काही मॉडेलांत डीआरएम रिसीव्हर येतोही. तिच्या एका वाहिनीत सेकंदाला पंधरा-वीस हजार बिट मावतात. आवाजाबरोबर जर्नलाइन नावाचं मजकुराचं पान जातं, ज्यात वाहतुकीचा मथळा उघडून वाचता येतो. शिवाय टीपेग ही नवी पद्धत त्यावर बसू शकते. टीपेगमध्ये ठिकाण आकड्याने नाही तर रस्त्याच्या आकार-दिशेच्या वर्णनाने पाठवतात आणि रिसीव्हर ते स्वतःच्या नकाशावर जुळवतो. तक्त्याची कटकटच नाही, पूल आणि पुलाखालचा रस्ताही वेगळा ओळखता येतो. पण संदेश लांब होतात आणि आरडीएसच्या नळीत ते बसत नाहीत. दूरसंचार नियामक ट्रायने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी ज्या १३ शहरांपासून सुरुवात सुचवली त्यात अहमदाबाद, सुरत, पुणे, नागपूर आहेत, इंदूर नाही. तेव्हा इंदूरकरांनी डीआरएमच्या आशेवर आज गाडी निवडू नये. गाडीत आलाच तर ठीक.

सुरक्षेची एक बाजू आहे आणि ती गंभीर आहे. टीएमसीच्या संदेशावर सही नसते. २००७ मध्ये दोन इटालियन संशोधकांनी छोट्या ट्रान्समीटरने खोटे संदेश सोडून नेव्हिगेशनला रस्ते बंद दाखवून दाखवले. पैसे घेऊन चालणाऱ्या सेवांत ठिकाणांचे आकडे कोड करतात, पण ते फुकट्यांना रोखायला. संदेश खरा आहे याची खात्री त्यातून होत नाही. म्हणून ‘रस्ता बंद’ आल्यावर युनिटने आपोआप मार्ग बदलू नये. मेनूत ‘डायनॅमिक राउटिंग’ असेल तर ‘विचारून’ या पर्यायावर ठेवा.

इंदुरात ही सेवा सुरू करायला फार मोठी खरेदी लागणार नाही. स्टेशनकडे आरडीएस एन्कोडर असेल तर त्याला संदेश देण्याची यूईसीपी ही प्रमाण पद्धत ठरलेली आहे, जाळ्यावरून जोडता येते. वाहतूक पोलिसांच्या कक्षात एक टेबल, दोन पाळ्यांत माणसं, आणि तीन-चारशे बिंदूंचा तक्ता. माझ्या मते पहिल्या तक्त्यात निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा ए. बी. रोड, संपूर्ण रिंग रोड, एमआर-१०, सुपर कॉरिडॉर, राजवाड्याभोवतीचे गेर आणि झाक्यांचे रस्ते, आणि बाहेर मांगलिया, राऊ, पीथमपूर, सिमरोल, मानपूरपर्यंतचे फाटे एवढंच घ्यावं. वसाहतींच्या आतल्या गल्ल्या घेऊ नयेत. तिथली खबर ताजी ठेवायला माणूस मिळत नाही, आणि शिळा संदेश एकदा लागला की चालक पुढचे खरे संदेशही मानत नाही.